बिशप, कार्डिनल, मॉडरेटर: मुंबईच्या चर्चमधली पदं नेमकी ओळखायची कशी

मराठी वर्तमानपत्रांत चर्चची बातमी वर्षातून ठरावीक वेळाच येते. नाताळ, गुड फ्रायडे, सप्टेंबरातली वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, आणि रोममध्ये पोप निवर्तले किंवा नवे निवडले गेले तर. एरवी या विषयाशी कुणाचा संबंध येत नाही. मग ऐन वेळी ‘माजी कार्डिनल’, ‘पोपचे मुंबईतले प्रतिनिधी’, ‘चर्चचे मुख्य पाद्री’ असं काहीही छापून जातं.

हा लेख डेस्कवर नव्याने बसलेल्या उपसंपादकासाठी आहे. संस्थेच्या कार्यक्रमाला बिशपांना बोलवायला निघालेल्या कार्यकर्त्याला, मिशनच्या शाळेत नुकत्याच लागलेल्या कारकुनाला आणि ख्रिस्ती घरात लग्न ठरलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. पदांची यादी पाठ करून फारसा उपयोग होत नाही. मोजके प्रश्न क्रमाने विचारायची सवय लागली की काम भागतं.

पहिली पायरी: चर्च कोणतं?

‘बिशप काय म्हणाले?’ याच्या आधी ‘कुठले बिशप?’ हे विचारा. मुंबईत कॅथलिकांचे बिशप आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे म्हणजे सीएनआयचे आहेत, मेथडिस्टांचे आहेत आणि केरळातून आलेल्या ऑर्थोडॉक्स व मार थोमा चर्चचेही आहेत. यांपैकी एकाला दुसऱ्यावर कसलाही अधिकार नाही. सीएनआयचे बिशप पोपच्या हाताखाली येत नाहीत. मेथडिस्ट बिशपांचा आर्चबिशपांशी संबंध असलाच तर शेजाऱ्याचा.

मराठी वाचकाला खूण पटवायची तर दोन नावं पुरेत: रेव्हरंड टिळक आणि फादर दिब्रिटो. ना. वा. टिळक प्रोटेस्टंट, संसारी गृहस्थ. लक्ष्मीबाई कुणाला ठाऊक नाहीत? फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे कॅथलिक धर्मगुरू, अविवाहित, ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. प्रोटेस्टंटांत नावामागे ‘रेव्हरंड’ किंवा ‘पास्टर’ लागतं आणि मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, ‘पाळक’ म्हणतात. कॅथलिकांत ‘फादर’. ‘पाद्री’ हा शब्द जुन्या मराठीत सर्रास होता, पण आज बातमीत तो टाळावा. त्यात किंचित हेटाळणीचा सूर लागतो आणि माणूस नेमका कुठला हेही कळत नाही.

इमारतीवरूनही अंदाज येतो, पण जपून. कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल कॅथलिकांचं, १९०५ साली बांधलेलं. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल आज सीएनआयचं आहे. ते १७१८ मध्ये उपासनेसाठी खुलं झालं आणि कॅथेड्रल झालं १८३७ मध्ये, मुंबईला पहिले अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, बिशप मिळाले तेव्हा. चर्चगेटचं नाव पडलं ते याच चर्चवरून. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च नव्हे, बिशपांचं आसन जिथे असतं ते चर्च. माउंट मेरीला गर्दी कितीही लोटली तरी ते कॅथेड्रल नाही. ते बॅसिलिका आहे, आणि तो मान त्याला १९५४ मध्ये रोमकडून मिळाला.

दुसरी पायरी: दीक्षा, पद आणि मान वेगळे काढा

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन, धर्मगुरू, बिशप. चौथी नाही. आर्चबिशप, कार्डिनल, पोप हे सगळे दीक्षेने बिशपच. पोप म्हणजे रोमचे बिशप. डॉक्टरांच्या जगात एमबीबीएस ही पदवी, अधिष्ठाता हे पद आणि पद्मश्री हा मान, तिन्ही एकाच माणसाकडे असले तरी कुणी त्यांची गल्लत करत नाही. इथेही तसंच: बिशप ही दीक्षा, मुंबईचे आर्चबिशप हे पद आणि कार्डिनल हा पोपने दिलेला मान. या मानाबरोबर पोप निवडण्याचा हक्क येतो, एवढंच.

मुंबईचाच दाखला घ्या. व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये कार्डिनल. भारतातले ते पहिले कार्डिनल. त्यांच्यानंतर सायमन पिमेंटा १९७८ मध्ये आर्चबिशप झाले, पण कार्डिनल व्हायला १९८८ उजाडलं. इव्हान डायस यांच्या बाबतीत ही सालं १९९६ आणि २००१, तर ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्या बाबतीत २००६ आणि २००७. सलग चौघांना मान मिळाल्याने मुंबईच्या खुर्चीबरोबर कार्डिनलांची लाल टोपी आपोआप येते असा अनेकांचा समज झाला आहे. तसा नियम नाही. मधली दहा वर्षं पिमेंटा नुसते आर्चबिशप होते आणि त्यांच्या अधिकारात तेव्हा काही उणं नव्हतं. जॉन रॉड्रिग्ज यांनी २०२५ च्या जानेवारीत मुंबईची सूत्रं हाती घेतली तेव्हा तेही कार्डिनल नव्हते.

(लाल टोपी पाहायची असेल तर होली नेम कॅथेड्रलमध्ये पहिल्या कार्डिनलांची जपून ठेवलेली आहे. तशा रुंद काठाच्या टोप्या देण्याची पद्धत १९६९ मध्ये बंद झाली.)

हे तीन कप्पे वेगळे ठेवले की ‘माजी कार्डिनल’ लिहायला हात धजणार नाही. ओस्वाल्ड ग्रेशियस आर्चबिशपपदावरून निवृत्त झाले, पण कार्डिनल आहेतच. ‘मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस’ हे बरोबर. ‘माजी बिशप’ही शक्यतो नको, ‘निवृत्त बिशप’ म्हणा. पद सुटलं तरी दीक्षा सुटत नाही.

आता मतदानाचं. वयाची ८० वर्षं पूर्ण झालेल्या कार्डिनलांना पोपच्या निवडणुकीत मत देता येत नाही. ओस्वाल्ड ग्रेशियस यांना २४ डिसेंबर २०२४ ला ८० पूर्ण झाली, म्हणून मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनलांनी लिओ चौदावे यांना निवडलं त्यात ते नव्हते. भारतातले चौघे मतदार होते: गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला, केरळचे बसेलियोस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्येच काम करणारे जॉर्ज कूवकाड. त्या आठवड्यात ‘भारताचे कार्डिनल किती?’ आणि ‘मत देणारे किती?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे ज्याला ठाऊक होतं त्याची बातमी चुकली नाही.

तिसरी पायरी: नकाशा

एका चर्चभोवतीच्या इलाक्याला मुंबईत तोंडी सगळे ‘पॅरिश’ म्हणतात. वसईकडच्या मराठीत ‘धर्मग्राम’. तिथल्या मुख्य धर्मगुरूंना पॅरिश प्रीस्ट किंवा प्रमुख धर्मगुरू म्हणतात. शेजारच्या काही पॅरिश मिळून डीनरी होते आणि अशा अनेक पॅरिशचा मिळून धर्मप्रांत, म्हणजे डायोसीज. त्यावर बिशप. जो धर्मप्रांत मोठा किंवा ऐतिहासिक महत्त्वाचा असतो तो महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चडायोसीज. त्यावर आर्चबिशप.

मुंबईला महाधर्मप्रांताचा दर्जा १८८६ पासून आहे. त्याचं इंग्रजी अधिकृत नाव आजही ‘बॉम्बे’च आहे. मराठीत मुंबईच लिहावं, त्यावर कुणी हरकत घेत नाही. पुणे, नाशिक आणि वसई हे तीन धर्मप्रांत मुंबईबरोबर मिळून एक चर्च-प्रांत बनवतात. अशा प्रांताच्या प्रमुख आर्चबिशपांना ‘मेट्रोपॉलिटन’ म्हणतात. पण पुण्याचे बिशप मुंबईच्या आर्चबिशपांचे कनिष्ठ अधिकारी असतात असा अर्थ मात्र काढू नका. आपल्या धर्मप्रांतात प्रत्येक बिशप स्वतंत्र असतो आणि थेट पोपला उत्तरदायी असतो. मेट्रोपॉलिटनांकडे थोडी देखरेख आणि मानाचं पहिलं आसन असतं. पुण्याच्या बिशपांची तक्रार घेऊन कुलाब्याला जाण्यात अर्थ नाही.

वसई १९९८ पर्यंत मुंबईतच होती. त्या वर्षी वेगळा धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. लोकलने भाईंदर सोडून खाडीपूल ओलांडला, नायगाव आलं, की बिशप बदलले. ‘मुंबईचे आर्चबिशप वसईच्या चर्चमध्ये अमुक आदेश देतात’ अशी बातमी आली तर आधी शंका घ्या.

वसईनेच एक सुंदर अपवादही दिला आहे. फेलिक्स मच्याडो २००९ ते २०२४ वसईचे प्रमुख होते आणि त्यांच्या नावामागे ‘आर्चबिशप’ लागायचं, वसई साधा धर्मप्रांत असूनही. तो किताब पोपने त्यांना व्यक्तिशः दिलेला होता. ते निवृत्त झाले तेव्हा किताब त्यांच्याबरोबर गेला आणि वसई होती तशीच राहिली. म्हणून ‘वसईचे आर्चबिशप’ दिसलं की ‘वसई महाधर्मप्रांत’ असं स्वतःहून लिहू नये.

नकाशावर आणखी एक थर आहे. केरळातल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याणला १९८८ मध्ये वेगळं धर्मपीठ स्थापन झालं. हेही पोपला मानणारे कॅथलिकच, पण त्यांची उपासना, कायदा आणि बिशप वेगळे. त्यामुळे एकाच कल्याण-डोंबिवलीत दोन कॅथलिक बिशपांची माणसं शेजारी शेजारी राहतात. सिरो-मलबार बिशपांच्या नावामागे ‘मार’ लागतं. ते नावाचा भाग नाही, आदरार्थी उपपद आहे. ‘श्री. मार सेबॅस्टियन’ असं लिहिलं की कपाळावर हात मारायची वेळ येते.

चौथी पायरी: बिशपांच्या आधीचं विशेषण वाचा

‘बिशप’च्या मागचा छोटा शब्द फार बोलतो.

सहायक बिशप, म्हणजे ऑक्झिलियरी: दीक्षेने पूर्ण बिशप, पण धर्मप्रांताचे प्रमुख नाहीत. आर्चबिशपांच्या हाताखाली काम करतात. मुंबईसारख्या अवाढव्य ठिकाणी त्यांच्यावाचून चालत नाही. यांच्या नेमणुकीच्या पत्रकात एक चकवा असतो. चर्चच्या परंपरेत प्रत्येक बिशपाला कुठल्या तरी गावाचं नाव लागतं, म्हणून सहायक बिशपांना आता अस्तित्वात नसलेल्या प्राचीन धर्मप्रांताचं नाव देतात, बरेचदा उत्तर आफ्रिकेतल्या. ते वाचून ‘मुंबईच्या धर्मगुरूंची आफ्रिकेत बदली’ असा मथळा देऊ नका. ते वांद्र्यात किंवा गोरेगावातच असतात.

कोअॅडज्युटर बिशप: हे सहायक नव्हेत, ठरलेले वारस. प्रमुखांचा राजीनामा स्वीकारला गेला की त्याच क्षणी गादी यांच्याकडे येते, वेगळी नेमणूक लागत नाही.

अपोस्टोलिक अॅडमिनिस्ट्रेटर: गादी रिकामी असताना किंवा अडचणीच्या काळात पोपने नेमलेले कारभारी.

इमेरिटस: निवृत्त. बिशपांनी ७५ पूर्ण झाल्यावर पोपकडे राजीनामा पाठवायचा असतो. तो लगेच स्वीकारला जाईलच असं नाही. ओस्वाल्ड ग्रेशियस ८० पूर्ण होईपर्यंत पदावर होते. ‘राजीनामा दिला’ याची बातमी ‘काहीतरी बिनसलं’ अशी रंगवण्याआधी वय पाहा.

यांतली सहायक आणि कोअॅडज्युटर ही विशेषणं जवळून पाहायची तर आताच्या आर्चबिशपांची वाटचाल वाचावी. जॉन रॉड्रिग्ज १९९८ मध्ये धर्मगुरू झाले. २०१३ मध्ये मुंबईचे सहायक बिशप झाले, त्याच वर्षी बिशपपदाची दीक्षा झाली. २०२३ मध्ये पुण्याचे बिशप, ३० नोव्हेंबर २०२४ ला मुंबईचे कोअॅडज्युटर आर्चबिशप म्हणून नेमणूक, आणि २५ जानेवारी २०२५ ला ग्रेशियस यांचा राजीनामा स्वीकारला गेल्यावर आर्चबिशप. चार पदं, पण बिशपपदाची दीक्षा एकदाच. पुण्याला किंवा परत मुंबईला आल्यावर पुन्हा दीक्षा झाली नाही, फक्त पदग्रहण झालं.

पाचवी पायरी: कामासाठी कुणाला गाठायचं

बिशप हाऊसच्या पाट्यांवरचे तीन शब्द मुंबईकराला दुसऱ्याच कुठून तरी ओळखीचे वाटतात आणि तिथेच घात होतो. चॅन्सलर म्हटलं की विद्यापीठाचे कुलपती, डीन म्हटलं की केईएमचे अधिष्ठाता, मेट्रोपॉलिटन म्हटलं की किल्ला कोर्टातले मॅजिस्ट्रेट. इथे चॅन्सलर म्हणजे धर्मप्रांताच्या दप्तराचे प्रमुख: हुकूमनामे, दाखले, शिक्के, जुनी कागदपत्रं यांच्या ताब्यात. डीन म्हणजे डीनरीतल्या पॅरिश प्रीस्टमधले समन्वयक. ‘कुलपती’ असं भाषांतर केलेलं मी छापील पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

बिशपांनंतर कारभारात सर्वांत वजनदार माणूस म्हणजे व्हिकर जनरल. बिशपांच्या नावाने रोजचे बहुतेक प्रशासकीय निर्णय ते घेऊ शकतात. न्यायाचं काम ज्युडिशियल व्हिकर पाहतात, त्यांच्या कचेरीला ट्रिब्युनल म्हणतात. तुमचं काम मात्र बहुधा यांच्यापर्यंत जाणारच नाही.

बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर जिथे बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशच्या कचेरीत जा. मूळ नोंद त्याच वहीत असते. आर्चबिशप्स हाऊसला अर्ज केला तर तेही तुम्हाला तिकडेच पाठवतील.

ख्रिस्ती आणि हिंदू असं लग्न चर्चमध्ये व्हायचं असेल तर परवानगी धर्मप्रांताकडून लागते, पण अर्ज पॅरिश प्रीस्टमार्फतच जातो. हॉल, कॅटरर यांच्या आधी फादरांची वेळ घ्या, हा फुकटचा सल्ला.

चर्चमधलं लग्न ‘रद्द’ करून हवं असेल तर ट्रिब्युनल. ते घटस्फोट देत नाही. लग्न चर्चच्या नियमाने मुळात वैध झालंच नव्हतं का, एवढंच तपासतं. त्याच्या निकालाने कायद्याने घटस्फोट होत नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावीच लागते.

शाळेची तक्रार असेल तर शाळा कुणाची हे आधी पाहा. काही शाळा महाधर्मप्रांताच्या आहेत, पण माटुंग्याचं डॉन बॉस्को सलेशियनांचं, माझगावचं सेंट मेरीज आणि धोबीतलावचं सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइटांचं. या धर्मगुरूंच्या संघांचे प्रमुख वेगळे, त्यांना प्रोव्हिन्शियल म्हणतात. शाळेचा रोजचा कारभार आर्चबिशप चालवत नाहीत. फादरांच्या नावापुढे ‘एस.जे.’ दिसलं तर जेझुइट, ‘एस.डी.बी.’ दिसलं तर सलेशियन. धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटमध्ये सुपीरियर आणि त्यांच्यावर प्रोव्हिन्शियल. आणि इथला ‘प्रोव्हिन्स’ म्हणजे संघाचा विभाग. मघाच्या चर्च-प्रांताशी त्याचा संबंध नाही.

‘मॉन्सिन्योर’ भेटले तर गोंधळू नका. तो ज्येष्ठ धर्मगुरूंना पोपकडून मिळणारा मान आहे, पद नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ पासून धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंसाठी त्याला ६५ वर्षांची अट घातली. आणि डीकन सगळेच अविवाहित तरुण असतात असंही समजू नका. धर्मगुरू होण्याच्या वाटेवरचे डीकन वेगळे आणि कायमचे डीकन वेगळे. मुंबईत बायकामुलं असलेले कायमचे डीकन आहेत. ते बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करत नाहीत.

सहावी पायरी: सिनॉड म्हटलं की कुठली?

सीएनआयची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेचे, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा प्रवाहांनी एकत्र येऊन ती केली. साहजिकच कारभारात सगळ्यांची सरमिसळ आहे. बिशप आहेत, पण ते एकटे राजे नाहीत. सर्वोच्च सत्ता सिनॉडकडे, म्हणजे चर्चच्या सभेकडे, असते आणि तिच्यात बिशप, पाळक आणि सामान्य सभासद असे तिघेही बसतात. सिनॉडचे प्रमुख म्हणजे मॉडरेटर. ते बिशपांतूनच ठराविक मुदतीसाठी निवडले जातात, आणि मुदत संपली की पुन्हा आपल्या धर्मप्रांताचे बिशप. म्हणजे इथे ‘माजी मॉडरेटर’ अगदी बरोबर, कारण तो मान नसून मुदतीचं पद आहे.

कॅथलिकांतही ‘सिनॉड’ भरते, पण रोममधली बिशपांची सिनॉड पोपना सल्ला देते, अंतिम शब्द पोपचा. सिरो-मलबार चर्चमध्ये तर सिनॉड म्हणजे त्यांच्या बिशपांची सभा आणि ती स्वतःच्या प्रदेशात बिशप निवडते. ‘सिनॉडचा निर्णय’ हे शब्द तिन्हीकडे वापरता येतात, पण वजन तिन्हीकडे वेगळं. मला विचाराल तर चर्चच्या बातम्यांत सर्वांत जास्त दिशाभूल हा एक शब्द करतो.

मेथडिस्टांत सिनॉडऐवजी कॉन्फरन्स: विभागाची रिजनल, देशपातळीवरची जनरल. बिशप आणि पाळक यांच्या मधल्या फळीत डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट. मराठी मंडळीत स्थानिक पातळीवर ‘वडील’ आणि ‘पंच’ हे शब्द ऐकू येतात. वडील म्हणजे कुणाचे वडील नव्हेत, मंडळीने निवडलेले ज्येष्ठ सभासद.

मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ‘मेट्रोपॉलिटन’ हा शब्द बिशपांसाठीच येतो, प्रांतप्रमुख आर्चबिशपांसाठीच राखून ठेवलेला नसतो. मार थोमा चर्चमध्ये मात्र तो मुख्यतः संपूर्ण चर्चच्या प्रमुखांसाठी असतो. दोन्हीकडच्या बिशपांना मल्याळी लोक ‘तिरुमेनी’ म्हणतात. मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चचे सर्वोच्च प्रमुख ‘कॅथोलिकोस’. शब्द कॅथलिकसारखा दिसतो म्हणून ते पोपच्या बाजूचे समजू नका.

प्रोटेस्टंटांत बाई धर्मगुरू असू शकतात, बिशपही. दक्षिणेतल्या सीएसआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये, ई. पुष्पा ललिता २०१३ मध्ये बिशप झाल्या. तेव्हा फोनवर ‘बिशप’ म्हटलं की समोर पुरुषच असणार असं धरून चालू नका. उपनगरांतल्या स्वतंत्र मंडळ्यांचे ‘बिशप’, ‘अपोस्टल’, ‘सीनियर पास्टर’ यांच्याबद्दल इतकंच की किताब त्यांच्याच मंडळीने दिलेला असतो. नावाबरोबर मंडळीचंही नाव छापा म्हणजे झालं.

सातवी पायरी: क्रियापदं

पोप निवडले जातात. कार्डिनल निवडले जात नाहीत, पोप त्यांची नेमणूक करतात. कॅथलिक बिशप नेमले जातात. सीएनआय आणि मेथडिस्टांत बिशपपदासाठी निवड प्रक्रिया असते. धर्मगुरूंची ‘गुरुदीक्षा’ होते, बिशपांची ‘दीक्षा’ आणि नंतर ‘पदग्रहण’. नेमणूक, दीक्षा आणि पदग्रहण या तीन तारखा वेगळ्या असतात, बातमीत कुठली ते सांगा.

कॅथलिक नेमणुका रोममध्ये दुपारी बाराला जाहीर होतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. त्याआधी कुणी ‘आतली बातमी’ दिली तर ती नुसती कुजबुज समजा. दिल्लीतले नन्शिओ म्हणजे पोपचे राजदूत. ‘पोपचे प्रतिनिधी’ म्हणायचं ते यांना, मुंबईच्या आर्चबिशपांना नव्हे.

हिंदी वृत्तसंस्थेचा मजकूर हातात आला तर ‘संत पापा’, ‘धर्माध्यक्ष’, ‘महाधर्माध्यक्ष’ हे शब्द जसेच्या तसे उचलू नका. ते हिंदी कॅथलिकांचे. आपल्याकडे पोप, बिशप, आर्चबिशप रुळलेले आहेत.

आठवी पायरी: पत्र आणि व्यासपीठ

पाकिटावर कॅथलिक बिशप आणि आर्चबिशप यांच्यासाठी ‘मोस्ट रेव्हरंड’, सीएनआयच्या बिशपांसाठी ‘राइट रेव्हरंड’, त्यांच्या मॉडरेटरांसाठी ‘मोस्ट रेव्हरंड’. कार्डिनलांसाठी ‘हिज एमिनन्स’. इंग्रजीत कार्डिनल हा शब्द पुष्कळदा नाव आणि आडनाव यांच्या मधे येतो, ‘ओस्वाल्ड कार्डिनल ग्रेशियस’ असा. मराठीत तो नावाच्या आधी घ्यावा. आतला मजकूर साधा असला तरी चालतो:

प्रति,
मोस्ट रेव्हरंड आर्चबिशप,
मुंबई महाधर्मप्रांत,
आर्चबिशप्स हाऊस, कुलाबा, मुंबई

आदरणीय आर्चबिशप महोदय,
सप्रेम नमस्कार.

तोंडी ‘बिशप’ किंवा ‘फादर’ एवढं पुरतं. अंगठीचं चुंबन घेणं पाहुण्याकडून कुणी अपेक्षित धरत नाही, हात जोडून नमस्कार करावा. निमंत्रण सचिवांच्या नावे वेगळं पाठवा, कारण तारखा त्यांच्याच वहीत असतात.

फोटोओळीसाठी रंग लक्षात ठेवा: कार्डिनल लाल, बिशप जांभळा. पांढरा झगा पाहून पोप समजू नये, आपल्या उन्हात साधे फादरही पांढराच घालतात. डोक्यावरची छोटी गोल टोपी झुकेट्टो, मिस्साच्या वेळची उंच टोकदार ती मायटर.

व्यासपीठावर सगळे एकाच चर्चचे असतील तर कार्डिनल, आर्चबिशप, बिशप, मग व्हिकर जनरल असा क्रम. यजमान धर्मप्रांताच्या बिशपांना त्यांच्या घरच्या कार्यक्रमात मागे बसवू नका. वेगवेगळ्या चर्चचे बिशप असतील तर तुम्ही उतरंड लावूच नका. नावांच्या अक्षरक्रमाने खुर्च्या मांडा आणि आधी सगळ्यांना कळवा. तारीख धरताना रविवारची सकाळ, नाताळचा आठवडा आणि ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह वगळा. त्या सप्ताहात धर्मप्रांतातले सगळे धर्मगुरू बिशपांभोवती तेलाच्या आशीर्वादाच्या मिस्साला जमतात, आणि त्या दिवसांत तुमच्या पत्राला उत्तर येणार नाही.